सुरा कोणी पुसायचा

माझ्या वडिलांनी मारलेलं शेवटचं रानडुक्कर दर वर्षी थोडं थोडं वाढायचं. मी लहान होते तेव्हा ते आमच्या काळ्या कुत्र्याहून जरा मोठं होतं. माझ्या लग्नात बाबा व्याह्यांना ती गोष्ट सांगत होते तेव्हा ते गोऱ्ह्याएवढं झालं होतं, आणि बाबा गेले त्या वर्षापर्यंत त्यानं म्हशीला गाठलं होतं. डुकराच्या या प्रगतीबद्दल माझी तक्रार नाही. गोष्टीला फोडणी लागते, आणि ती कधी आणि किती घालायची हे मी बाबांकडूनच शिकले. माझी तक्रार सुऱ्याबद्दल आहे. डुक्कर अंगावर आलं की बाबा खुर्चीतून उठायचे, उजवा हात कमरेला न्यायचे आणि म्हणायचे, "आन् मग काडला सुरा. असा लखलखीत." ऐकणारे श्वास रोखायचे. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायचे. तो सुरा लखलखीत कसा झाला, आपोआप झाला की डुकरानं चाटून केला, हे त्या गोष्टीत कधी आलं नाही.

ते आता मी सांगते. रागानं सांगते आहे, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणी मला ते समजावून सांगायला नको.

माझं माहेर कडावच्या पलीकडे, भातशेतीचं. भात पोटरीला आलं की डोंगरातून डुकरं उतरायची आणि शेत लोळवून जायची. मग गावातले चार लोक भाले घ्यायचे, डोंगरातल्या वाडीवरचे लोक हाका घालायला यायचे, कुत्री सुटायची, आणि सगळ्यांच्या पुढे माझे बाबा कमरेला सुरा लावून. शिकारबंदीचा कायदा तोवर येऊन जुना झाला होता, पण आमच्या गावापर्यंत तो पायी आला. पोचला तेव्हा फॉरेस्टवाल्यांनी एकदोघांना बोलावून नेलं, दिवसभर बसवून ठेवलं, आणि शिकार थांबली. थांबली ते ठीकच झालं. भात काय, तेव्हाही जायचं आणि आताही जातं.

डुक्कर आणलं की अंगणात वाटे पडायचे. हाका घालणाऱ्यांचा वाटा, भालेवाल्यांचा वाटा, देवाचा वाटा. कुत्र्यांचासुद्धा वाटा असायचा, आणि तो आधी काढायचे, नाहीतर कुत्री पुढच्या वेळी मनापासून धावत नाहीत म्हणे. वाटे झाले की बाबा सुरा मागीलदारी आणून धुण्याच्या दगडावर ठेवायचे. ठेवायचे म्हणजे टाकायचे. रक्त, चरबी, केस, सगळं त्यावर तसंच. तो दगड माझ्या आईचा होता, आणि पुढे हाताला जोर आल्यावर माझा झाला. सुरा धुणाऱ्याचा वाटा नसायचा. सुरा धुणारी मनापासून धुणार नाही, अशी भीती कोणाला वाटली नसावी.

आई मला शिकवताना फार बोलायची नाही. "आधी गार पाणी. कढत घेशील तं रगत शिजतं, मग मेलं सुटत नाय." हा पहिला धडा. मग ओल्या काथ्यावर चुलीतली चाळलेली राख घेऊन मुठीकडून टोकाकडे घासायचं, कायम एकाच दिशेनं. उलटं घासलं की बोट गेलंच. पातं मुठीत शिरतं तिथं चरबी अडकते, आणि ती राहिली की गंज तिथूनच आत जातो, म्हणून तिथं बांबूची बारीक काडी फिरवायची. चिंच लावायची नाही. चिंचेनं तांब्याची भांडी उजळतात, पोलाद मात्र खाल्लं जातं. मूठ पाण्यात बुडवायची नाही, कारण ती लाखेनं बसवलेली असते. मग कोरड्या फडक्यानं पुसून चुलीच्या उबेला धरायचं, जाळावर नाही. शेवटी करंजाचं तेल. खोबरेल लावलं तर मुंग्या येतात आणि उंदीर मूठ कुरतडतात. करंजेल एवढं कडू की उंदीर वासानंच माघारी जातो.

शिकार थांबली, पण सुरा थांबला नाही. त्याची उस्तवार वर्षभर चालू राहिली, जणू उद्याच डुक्कर येणार आहे. पावसाळ्यात तर फारच. आमच्याकडचा पाऊस घरातल्या भिंतींनाही शेवाळ आणतो. चामड्याचं म्यान त्या हवेत ओल धरून बसतं, म्हणून पावसाच्या आधी सुरा म्यानातून काढायचा, तेलाच्या फडक्यात गुंडाळायचा आणि चुलीवर धुरात टांगायचा. म्यान वेगळं, सुरा वेगळा. आई म्हणायची, "चार महिने दोघांनी एका खोलीत निजायचं नाय." असं म्हणून ती तोंडाला पदर लावून हसायची, आणि मला ते बऱ्याच वर्षांनी कळलं.

आता खंडेनवमी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शस्त्रपूजा असते. बाकीच्यांचे कोयते, नांगराचे फाळ, आमच्याकडे मुख्य मान सुऱ्याचा. पाटावर तांदूळ, तांदळावर सुरा, सुऱ्याला गंध आणि झेंडूची माळ. मग बळीच्या जागी कोहळा. बाबा धोतर नेसून उभे राहायचे, सुरा उचलायचे आणि एका घावात कोहळ्याचे दोन तुकडे करायचे. आत कुंकू शिंपडायचं, की झाली पूजा. त्या एका घावाची गावात ख्याती होती. माणसं खास बघायला यायची.

त्याच्या आदल्या दुपारी धार लावायला मीच बसायचे. दगडावर पाणी, पातं जरासं कलतं धरायचं, आणि मन लावून घासत राहायचं. नखावर टेकवलं आणि घसरलं नाही, की धार आली. केस कापून धार बघायची, तर केसही माझेच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच सुऱ्याच्या पूजेला, मी उंबऱ्याच्या बाहेर. आई बाहेर, आजी बाहेर, घरातली यच्चयावत बायकांची जात बाहेर. शस्त्राला बाईचा हात लागला तर ते बाटतं. वर्षभर लागलेला हात चालतो, कारण तो पुसायला लागलेला असतो. पूजेला लागलेला चालत नाही. हा हिशोब मला कोणी आजवर समजावून दिलेला नाही. समजावणारा उठला की त्याच्या आधी मी उठते.

लग्नाच्या आदल्या वर्षी मी धीर करून विचारलं होतं. धार लावलेला सुरा बाबांच्या हातात देताना म्हटलं, "बाबा, उद्या गंध मी लावू? माजी शेवटची नवमी हाय हितली."

बाबांनी पात्यावरून अंगठा फिरवला. धार त्यांना आवडली, ते चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाले, "तुजं काम झालं. हात धू, नि बाहेर हो."

ते रागानं म्हणाले नाहीत. गुराला पाणी पाजून झाल्यावर दोरी सोडतो तसं म्हणाले. त्यामुळेच मला ते वाक्य त्यांच्या आवाजासकट पाठ आहे.

लग्न होऊन मी भिसेगावात आले. इथं माझं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे, आणि कात्र्यांना धार लावायला मी दुसऱ्याकडे जात नाही. माहेर टमटमच्या अंतरावर. पुढं आई गेली, तेव्हापासून मी पावसाच्या तोंडाशी जायचे, सुरा काढायचे, तेल देऊन टांगायचे, नवमीच्या आधी जाऊन धार लावायचे, आणि नवमीला जेवायला म्हणून जाऊन उंबऱ्याबाहेर उभी राहायचे. माझे केस पिकले तरी जागा तीच.

बाबा गेले तेव्हा घर, शेत, सगळं भावाचं. त्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. दिवसकार्य झाल्यावर त्याला एवढंच म्हटलं, "मला बाकी काय नको रं. सुरा दे."

माझा भाऊ माझ्याहून लहान. लहानपणी माझ्या कडेवर असायचा, त्यामुळे त्याचं माझ्यापुढं फार चालत नाही, आणि ते त्यालाही ठाऊक असल्यामुळे तो माझ्याशी कायम थोडा मोठ्यानं बोलतो. तो म्हणाला, "ताई, तो घराण्याचा सुरा हाय. तो घराण्यात राहील."

"मग मी कोन? टमटमवाल्याची पोर?"

"तसं नाय गं. तुजं घराणं आता भिसेगाव. आन् बाईमानूस सुरा घेऊन काय करनार? मेथी निवडनार?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण बाबांच्या फोटोला हार ताजा होता आणि पंगतीत नातेवाईक भज्यांपर्यंत आले होते. मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ माझ्या नवऱ्याला बरोबर कळतो. तो उठून टमटम बघायला गेला.

पुढच्या वर्षी भावानं जुन्या घराच्या जागी बंगला बांधला. खालापूरच्या बाजूला त्याचे जमिनींचे व्यवहार चालतात, त्या बाजूची माणसं येणार-जाणार, त्यांना दाखवायला काहीतरी पाहिजे. त्यानं हॉलमध्ये काचेची पेटी केली, आतून लाल मखमल, वरून दिवा. आणि त्या पेटीत आमचा सुरा. तोही उघडा नव्हे. हायवेच्या एका दुकानातून त्यानं नवं म्यान आणलं होतं, जाड चामड्याचं, वर वाघाचं तोंड उठवलेलं. डुकराच्या सुऱ्याला वाघाचं म्यान. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू फुटलं, आणि हसता हसता लक्षात आलं की आभाळ भरून आलेलं आहे.

मी म्हटलं, "काड तो म्यानातनं. पाऊस तोंडावर हाय."

"काचेच्या आत हाय ताई. पाऊस काय काचेतनं शिरनार?"

"ओल शिरते. आन् तो दिवा बंद कर. मुठीची लाख तडकंल."

"हे बघ," तो म्हणाला, "तू कायम तेच. आता त्याला तेलबिल नाय लागत. मी स्वच्छ करून ठेवलाय."

"कशानं?"

"भांडी घासायच्या लिक्विडनं. बादलीत घालून. चकाचक."

"मूठसुद्धा बादलीत?"

"मूठसुद्धा."

चावी दे म्हटलं तर दिली नाही. तेवढ्यात खालापूरचे पाहुणे आले, आणि भाऊ त्यांना सांगायला लागला की हा सुरा एका सरदारानं आमच्या मूळपुरुषाला बक्षीस दिलेला, तीनशे वर्षांचा. मी थक्क झाले. डुक्कर वाढवणं मी समजू शकते. पण हा सुरा माझ्या आजोबांनी रेल्वेच्या भंगारातल्या स्प्रिंगच्या पट्टीपासून लोहाराकडे बसून घडवून घेतला होता, आणि त्याचं आजोबांना एवढं कौतुक होतं की कर्जतच्या बाजूनं गाडीची शिट्टी आली की ते सुऱ्याकडे बघून म्हणायचे, "तुजी आय हाक मारते." त्या आजोबांचीही गोष्टीतून हकालपट्टी झाली होती. निदान मला सोबत मिळाली.

पूर्ण पावसाळा सुरा त्या म्यानात राहिला, डोक्यावर दिवा. चुलीवरच्या धुरात नाही, तेलात नाही, शोकेसात. मी भावजयीला फोन करायचे. ती म्हणायची, "वन्सं, चावी यांच्या कमरेला. माज्या हातात फक्त काच पुसायची हाय." तेव्हा मला ते उत्तर पळवाटीचं वाटलं होतं.

नवमी आली. बंगल्यात माणसं मावत नव्हती. भावानं फेटा बांधला होता. मोबाइल घेऊन लोक पुढे, गुरुजी पाटाजवळ, पाटावर तांदूळ, बाजूला भला मोठा कोहळा. आम्ही बायका जेवणघराच्या उंबऱ्यात, जिथून दिसतं पण लागत नाही. म्यानासकट सुरा पेटीतून निघाला, म्यानासकटच त्याला गंध लागलं, आणि गुरुजी म्हणाले, "आता बळी द्या."

भावानं डाव्या हातात म्यान धरलं, उजव्या हातानं मूठ धरली, मान मागे टाकली आणि अगदी बाबांच्या सुरात म्हणाला, "असा सुरा काडायचा."

सुरा निघाला नाही.

त्यानं पुन्हा ओढला. नाही. जरा वाकून ओढला. मागून कोणीतरी म्हणालं, "झोपलाय वाटतं." खालापूरचे पाहुणे मोबाइल धरून उभेच. भावानं म्यान गुडघ्यात धरलं. त्याचा फेटा एका कानावर आला. गुरुजी हळूच म्हणाले, "तसंच टेकवा कोहळ्याला, चालतं."

मी उंबऱ्यातून म्हटलं, "ओढू नको. आत गंज धरलाय. म्यान उसव."

"तू गप गं," तो म्हणाला, आणि मोठा श्वास घेऊन त्यानं झटका दिला. त्याचा हात वर गेला. सगळ्यांनी वर बघितलं. त्याच्या मुठीत मूठ होती. फक्त मूठ. पातं खाली म्यानात, वाघाच्या तोंडाखाली, आणि माझा भाऊ छतावरच्या पंख्याकडे लाकडाचा एक तुकडा रोखून उभा.

मला हसू आलं का? आलं. मी ते पदरात कोंबलं. मागे बायका एकमेकींच्या खांद्यावर पडत होत्या. आणि नेमक्या त्या क्षणी तो वळला, लालबुंद तोंडानं, आणि सगळ्यांच्या देखत माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिचा हात लागत होता सारखा. बायकांचा हात लागला की असंच व्हायचं."

हसू जिथं होतं तिथंच जळून गेलं. मी उंबरा ओलांडला. ठरवून नाही. पाय गेले. नवरा मागून म्हणाला, "जाऊ दे गं." मी म्हटलं, "तुमी बसा."

मग मी भावाला म्हटलं, "माजा हात लहानपनापासनं लागत होता. तेव्हा तो निघत होता. कापत होता. आज किती महिने फक्त तुजा हात लागला, आन् त्याचं हे झालं. आन् या मंडळींना सांग, तो सरदाराचा नाय, रेल्वेच्या भंगारातला हाय. आपल्या आज्यानं घडवला. भंगाराचं त्यानं सोनं केलं, आन् तू परत त्याचं भंगार केलंस."

  मी आणखी बोलणार होते, माझ्याकडे बराच साठा होता, पण तेवढ्यात माझ्या बाजूनं कोणीतरी गेलं. भावजय. तिनं पाटाजवळ जाऊन कोहळा उचलला, कडेवर घेतला, आणि जाता जाता गुरुजींना म्हणाली, "नैवेद्याला उशीर होतोय."

कोहळ्यावर पहिला घाव बाईनं घालायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भाजीला कोहळा चिरायचा झाला तरी आधी बाप्याला हाक मारून एक चीर पाडून घ्यायची, मग बाईनं हात लावायचा. घरात बाप्या नसला तर कोहळा तसाच राहतो. हॉलमधले सगळे तिच्या पाठीकडे बघत होते. ती जेवणघरात गेली, विळी आडवी केली, पाय दुमडून बसली, आणि आम्हा सगळ्यांना तो आवाज ऐकू आला. आधी करकर, मग धप्प. थोड्या वेळानं पुन्हा धप्प. गुरुजींनी डोळे मिटून मंत्र पुढे चालू केला. त्यांना अजून बरीच घरं करायची होती.

जेवणं झाली. कोहळ्याची भाजी सगळ्यांनी मागून घेतली, त्याबद्दल कोणी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मी मागीलदारी हात धूत होते. भाऊ आला. त्याच्या हातात म्यान, म्यानात अडकलेलं पातं, आणि वेगळी मूठ. त्यानं ते सगळं धुण्याच्या दगडावर टाकलं. बाबा टाकायचे अगदी तसंच.

"घेऊन जा," म्हणाला. "तुला हवा होता ना? आता भंगारच झालाय."

माझ्या आयुष्यात मी मागितलेली ती एक वस्तू, आणि ती मला अशी मिळाली. मी ती साडीच्या पिशवीत घातली आणि टमटमनं घरी आणली. बाजूला बसलेल्या बाईनं विचारलं, "काय घेतलंत?" मी म्हटलं, "माहेरचा आहेर."

दुकानातल्या उसवायच्या हत्यारानं मी म्यानाची शिवण एकेक टाका करून उसवली. वाघाचं तोंड दोन भाग झालं, मला वाईट वाटलं नाही. आतलं पातं बघून मात्र मी तिथंच फरशीवर बसले. आई गेली तेव्हा बसले होते तशी. लाल, खडबडीत, साल धरलेलं. शिलाई मशीनचं तेल ओतून मी ते कापडात गुंडाळून ठेवलं, मग राख आणि काथ्या घेतला, आणि घासत बसले. मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेनं. रोज दुकान बंद केल्यावर. गंज निघाला, पण त्यानं खाल्लेले खड्डे निघाले नाहीत. पात्यावर देवीचे व्रण असावेत तसे ते आहेत, आणि ते कधी जाणार नाहीत. सोनाराकडून लाख आणली, मूठ बसवली. पहिल्यांदा वाकडी बसली. दुसऱ्यांदा थोडी कमी वाकडी. धार लावायला मात्र हात गेला नाही.

पुढची नवमी माझ्या घरी. पाट मांडला, तांदूळ घातले, सुरा ठेवला. कोणाला बोलावलं नाही. गंध उगाळत होते तोच दारात फटफटी थांबली. भाऊ. एका हातात झेंडूची फुलं, दुसऱ्या हातात पोत्यात घातलेला कोहळा.

"तिनं पाठवलं," तो दारातूनच म्हणाला. "म्हनाली, कोहळा तिकडं न्या. नायतर मी आपली विळीवर कापते."

"मग कापू द्यायचा तिला."

"ताई, गावात काय ऱ्हायलंय माजं?"

मी त्याला आत घेतलं. तो पाटाजवळ बसला, सुऱ्याकडे बघत राहिला. खड्ड्यांवरून बोट फिरवलं. मी वाट बघत होते की आता काही बोलेल आणि मला भांडता येईल. माझी तयारी पूर्ण होती. तो म्हणाला, "मला ठाऊकच नव्हतं गं. म्यानातनं काडून ठेवतात ते."

"मी सांगितलं होतं."

"तू सगळंच सांगतेस. त्यातलं खरं कुठलं ते कसं कळनार?" मग जरा थांबून म्हणाला, "बाबांनी मला कधी हातात दिला नाय सुरा. मागितला की म्हनायचे, तू मोडशील. पूजेला उभं करायचे बाजूला, धोतर नेसवून. हातात नारळ द्यायचे."

मी गंध उगाळायची थांबले. हे मला माहीत नव्हतं. उंबऱ्याबाहेरून तो मला नेहमी आतला दिसायचा. म्हणजे धुणारी बाहेर, धाकटा नारळ घेऊन आत, आणि मध्ये एकटे बाबा, धोतर नेसून, एका घावात. माझा राग भावावरून उठला आणि जिथं जायला पाहिजे तिथं जायला निघाला. पण तिथं आता कोण आहे? भिंतीवर एक फोटो आहे आणि आमच्या दोघांच्या डोक्यात म्हशीएवढं डुक्कर आहे. भांडायचं कोणाशी?

मी सुऱ्याला गंध लावलं. माझ्या बोटानं, मुठीपासून टोकापर्यंत. आभाळ कोसळलं नाही. आनंदही फार झाला नाही, खरं सांगते. फार उशिरा वाढलेलं जेवण ते. पण लावलं.

मग कोहळा. मी पदर खोचला, सुरा उचलला आणि दोन्ही हातांनी घातला. सुरा कोहळ्यात निम्म्यापर्यंत शिरला आणि रुतून बसला. ओढला, निघेना. दाबला, जाईना. कोहळ्यासकट उचलला आणि फरशीवर आपटला, तर कोहळा हातातून सुटून टेबलाखाली गेला, सुऱ्यासकट. नवरा पेपरामागून हलला, पण बाहेर आला नाही.

भाऊ टेबलाखाली वाकला, कोहळा ओढून काढला. तोंडावर हसू येत होतं, ते दाबून म्हणाला, "बाबांचा एका घावात जायचा."

"बाबांना धार लावून मी द्यायचे," मी म्हटलं. "मला कोनी दिली?"

 कोहळा पायात धरून त्यानं सुरा हलवत हलवत सोडवला, हळू, या वेळी झटका न देता. मग मोरीत गेला. मला वाटलं हात धुवायला गेला. तिथल्या कोपऱ्यात माझा धारेचा दगड असतो. तो घेऊन तो पाठमोरा बसला आणि घासायला लागला.

"आधी पानी घाल त्याच्यावर," मी इथूनच ओरडले. "आन् कलता धर."

थोडा वेळ नुसता दगडाचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "बोट कापलं."

"कापनारच. उलटं घासतोयस. थांबू नको."

मी कोहळा पुन्हा पाटावर मांडला, चीर पडलेली बाजू खाली करून, आणि पदर पुन्हा खोचला. आतून येणारा आवाज ऐकत उभी राहिले. धार यायला वेळ लागतो. भाऊ मध्येच म्हणाला, "आता झालं काय गं?" मी म्हटलं, "नखावर टेकवून बघ. घसरला तर नाय झालं."

घसरला असावा. आवाज परत सुरू झाला.